बेसूर गाण्याची तालीम

माझ्या भाचीने सिनेमा काढायचं ठरवलं तेव्हा तिच्याकडे एक मोबाईल, एक उसना माइक आणि फुकटात राबणारे नातेवाईक होते. नातेवाइकांत मीही आले. एका रविवारी ती पांढुर्ण्याहून सकाळच्या बसने सौंसरला माझ्या घरी आली आणि चहा अर्धा टाकून म्हणाली, “आत्या, तुले माह्या सिनेमात बेसूर गायचं हाय.”

“बेसूरच कायले?”

“कॉमेडी हाय व. तुमची एक गानेवाली पार्टी हाय. तुमाले वाटते का आपन लय भारी गातो, टीव्हीवाले आपल्याले उचलूनच नेतीन. अन् खरं पाह्यलं त् कोनालेच काई येत नाई.”

तिने समजावून सांगितलं ते असं. एका मोठ्या चॅनलची माणसं कॅमेरा घेऊन आमच्या मागे मागे फिरतायत आणि आम्ही नागपूरला गाण्याच्या स्पर्धेच्या ऑडिशनला निघालोय, असं दाखवायचं. चॅनल खोटं, स्पर्धा खोटी, पार्टी खोटी, पण बघणाऱ्याला ते खरं वाटलं पाहिजे. संवाद लिहिलेले नव्हते. ती प्रसंग सांगणार आणि आम्ही तोंडाला येईल ते बोलणार. पार्टीत माझा मोठा भाऊ, म्हणजे तिचा बाप, बाजाच्या पेटीवर. वहिनी खंजिरी घेऊन कोरसला. आणि मुख्य गायिका मी.

मी इतक्या पटकन हो म्हटलं की तीच चपापली. तिला वाटलं होतं, दोन रविवार तरी पाया पडावं लागेल. पण वाईट गायचं म्हणजे काही खरं गाणं नव्हे, असं मी मनाशी धरलं होतं. खरंच गायचं असतं तर मी तिला दारातूनच परत पाठवलं असतं.

कारण आमची एक खरी पार्टीही होती. तेव्हा मी वीस वर्षांची होते. भाऊ पेटीवर, मी माइकवर, वस्तीतले चारजण कोरसला. जयंतीच्या दिवसांत आम्ही गावोगाव भीमगीतं गात फिरायचो. तिगावपासून लोधीखेड्यापर्यंत लोक आम्हाला ओळखायचे, आणि मला ते ओळखणं फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. एकदा मोहगावला मांडव भरलेला असताना शेवटचं कडवं चढ्या आवाजात घेताना माझा आवाज फाटला. कोंबड्याने अर्ध्यातच बांग सोडून द्यावी तसा. सगळा मांडव हसला. मी माइक खाली ठेवला आणि मंचाच्या मागच्या बाजूने निघून गेले, ते पुन्हा कधी माइकसमोर उभी राहिले नाही. पुढे लग्न झालं, सौंसरला कारकुनाची नोकरी लागली. कोणी गा म्हटलं की घसा बसलाय म्हणायचे. सत्तावीस वर्षं कोणाचा घसा बसत नाही, पण लोक भले असतात, जास्त विचारत नाहीत.

तर शूटिंग सुरू झालं. भावाच्या अंगणात, दर रविवारी. उंचावरून चित्र घ्यायचं असलं की भाची संत्रा तोडायची शिडी लावून वर चढायची आणि वहिनी खालून शिडी धरून तिला शिव्या घालायची. पहिल्याच दिवशी अशी अडचण आली, जी नागपूर-मुंबईच्या सिनेमावाल्यांना स्वप्नातही सुचली नसती. भाचीने कॅमेऱ्यामागून भावाला विचारलं, “तुमची पार्टी कवा सुरू झाली?” भाऊ उठून उभा राहिला. शर्ट खाली ओढला, घसा साफ केला आणि म्हणाला, “सर्वप्रथम सर्व महापुरुषांना त्रिवार वंदन करतो. मंचावर उपस्थित सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे आणि समोर बसलेल्या माझ्या माता-भगिनींनो…”

समोर एक बकरी बसली होती.

“बाबा, अध्यक्ष कुठी हाय?” भाची ओरडली.

“नसन त् नसन. राहून गेला त् मंग वाईट वाटते मानसाले.”

आमच्याकडे माणूस आयुष्यात दोनदाच माइकसमोर येतो, जयंतीला आणि कोणाच्या तेरवीला, आणि दोन्हीकडे आधी नावं घ्यावी लागतात. नाव राहिलं की वर्षभर तोंड फिरवलेलं असतं. त्यामुळे माइक दिसला की आमचं तोंड आपोआप सुरू होतं. वहिनीचंही तेच. “सकाळी काय जेवले?” असं विचारलं तरी ती आधी वंदन करायची आणि शेवटी “एवढे बोलून माझे दोन शब्द संपवते” म्हणून खाली बसायची. वर ही दोघं माइकवर छापील भाषा बोलायची आणि कॅमेरा बंद झाला की आपली. भाचीने तीन रविवार डोकं आपटून घेतलं. चौथ्या रविवारी तिने घेतलेलं सगळं एकदा पाहिलं आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, “राहू द्या. बिलकुल असंच करा.”

माझी अडचण वेगळी होती. मला बेसूर गाता येईना. माणसाला वाटतं बेसूर गायला काय लागतं. गाऊन बघा. गाणं भावानेच बसवलं होतं, “लाईट गेली, पंखा थांबला, आता बोलू कोणाले?” असं काहीतरी. पेटी वाजली की माझा आवाज जाऊन नेमका तिथे बसायचा. भाऊ पेटी थांबवून खेकसायचा, “तू सुरात जाऊन राहिली! फिरून घे.” मी पुन्हा घ्यायची. पुन्हा तेच. शेवटी त्याने एक युक्ती काढली. तो वाजवणार एका पट्टीत आणि मी मनात दुसरंच गाणं धरून त्याच्यावर हे शब्द म्हणायचे. तसं केलं तेव्हा असं काही ऐकू आलं की शेजारची म्हातारी कुंपणापाशी येऊन विचारून गेली, कोणाला काही लागलं का म्हणून. भाऊ खूश झाला. इतका खूश तो माझं चांगलं गाणं ऐकून कधी झाला नव्हता.

मग भाचीने शेवटचा प्रसंग सांगितला. ऑडिशनला जायच्या आधी पार्टी आपल्या माणसांसमोर एक कार्यक्रम करते, आणि तिथे शेवटच्या चढ्या ओळीवर गायिकेचा आवाज फाटतो, आणि सगळे हसतात. त्यासाठी सौंसरच्या आमच्या वस्तीतला हॉल मिळाला होता. माणसं खरी बोलवायची होती.

भाचीला मोहगावचं काही माहीत नव्हतं, तिचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. भाऊ पेटीच्या पट्ट्या पुसत बसला, वर बघेना.

“मी नाई करनार,” मी म्हटलं.

“आत्या, शेवट नाई त् सिनेमाच नाई.”

“नसन त् नसन.”

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. ऑफिसात काम आहे म्हणून सांगितलं, आणि रविवारी ऑफिस बंद असतं हे त्यांनाही ठाऊक होतं. तिसऱ्या रविवारी राहवेना म्हणून गेले, तर अंगणात माझ्या जागी वहिनी उभी. भाचीने तिला गायिका करून बघायचं ठरवलं होतं. वहिनीला मनात दुसरं गाणं धरायची काही गरजच नव्हती, ती जन्माची बेसूर. अगदी झकास चाललं होतं. आणि मला असा राग आला म्हणता! त्या माइकसमोर दुसरं कोणी उभं राहिलेलं मला पाहवेना. सत्तावीस वर्षं मी ती जागा सोडून दिली होती, पण ती माझी आहे असं मात्र धरून बसले होते, हे मला तेव्हा कळलं.

“वहिनी, सरक,” मी म्हटलं. “माह्या जागी कायले उभी हायेस?”

“बाई, मी त् तुमचीच वाट पाहून राहिली होती,” वहिनी म्हणाली आणि खंजिरी उचलून पटकन बाजूला झाली.

हॉलचा दिवस आला. दुपारी चारची वेळ होती. बाया, म्हातारे, पोरंसोरं, सगळे येऊन बसले. भाचीने पुढे होऊन नीट सांगितलं की हे सिनेमाचं शूटिंग आहे, गाणं विनोदी आहे, मनसोक्त हसा. पण तिच्याआधी वस्तीतल्या चार जणांची भाषणं झाली होती आणि तिच्यानंतर दोघांची झाली, त्यात तिचं सांगणं वाहून गेलं. मी माइकपाशी गेले. मला एवढंच करायचं होतं. शेवटच्या ओळीवर आवाज फाडायचा, लोक हसतील, आणि ते हसत असताना तिथून निघून जायचं नाही.

मी मनात दुसरं गाणं धरलं आणि सुरू केलं. जितकं वाईट गाता येईल तितकं गायले. पहिलं कडवं झालं. कोणी हसलं नाही. दुसरं झालं. पुढच्या रांगेतल्या बाया पदर सारखा करून ताठ बसल्या होत्या आणि माझ्याकडे अशा मायेने बघत होत्या जसं काही मी आजारातून उठून आलेय. एक म्हातारेबुवा हळूहळू मान हलवत ताल देत होते. मी शेवटची ओळ वर नेली आणि ठरल्याप्रमाणे आवाज फाडला. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनी समजुतीने वाजवली.

माझं डोकं सणकलं.

“हासा ना हो!” मी माइकवरच ओरडले. “मोहगावले बिनसांगता हासले होते लोकं, अन् आज मी स्वतःहून फाडून राहिली आवाज, त् तुमी तोंडं शिवून बसले! तीन महिने झाले मी बेसूर गायाले शिकून राहिली. सुरात गानं सोपं हाय याच्याहून. याची काई किंमत हाय का नाई?”

मग मागून एक बाई खुदकन हसली आणि सगळा हॉल फुटला. म्हातारेबुवा मांडीवर थापा मारून हसत होते. वहिनीच्या हातातून खंजिरी पडली. भाऊ पेटीवर डोकं टेकवून हसत होता आणि पेटीतून एकच लांबट सूर निघत होता. मी तिथेच उभी होते. निघून गेले नाही, आणि इतक्या लोकांना मी हसवलंय याचा मला आनंद होत होता.

कार्यक्रम संपल्यावर पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई माझा हात धरून म्हणाली, “बाई, राग नोको मानू. मले वाटलं तुले खरंच येत नाई, म्हनून नाई हासली. ज्याले येत नाई त्याले काय हासा लागते? येनाऱ्याचं चुकलं त् हासू येते. थो काय, फिरून गाते.”

ती निघून गेली. मग मी बाहेर आले. भाऊ हॉलच्या पायरीवर पेटी घेऊन बसला होता आणि वहिनी त्याच्या शेजारी. मी सत्तावीस वर्षांत न विचारलेलं त्याला विचारलं.

“मोहगावले मी गेल्यावर काय झालतं?”

“काय होनार? म्या पेटीवर सूर धरून ठेवला होता. लोकं म्हनत, बाईले बोलवा, कडवं बाकी हाय. चहा आनला तुह्यासाठी. वाट पाह्यली लय. तू त् निंगून गेलती.”

“मंग सांगितलं कायले नाई?”

“दोनदा सांगाले आलतो. तू म्हने, घसा बसला.”

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. लोकांचं हसणं एवढी वर्षं मी कानात ठेवलं होतं, आणि त्याच्यानंतरचं बोलावणं ऐकायला मी थांबलेच नव्हते. भाचीने मोबाईल वर केला. मी हात करून तो खाली ठेवायला लावला. हे तिच्या सिनेमाचं नव्हतं.

“कोनत्या पट्टीत गात होतो आपन?” मी भावाला विचारलं.

“काळी चार,” तो लगेच म्हणाला आणि पेटी उघडली.

मी पायरीवर बसले आणि ते राहिलेलं कडवं म्हटलं. चढ्या जागी आवाज पुन्हा फाटला. वहिनी फिस्सकन हसली. मी पुढे गात राहिले.