पडदे ओढून केलेली रात्र

आजी-आजोबांना वर्गात बोलावण्याची टूम आमच्या बेंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या शाळांना नवी नाही. लेकीच्या शाळेने यंदा त्यात मातृभाषा सप्ताहाची भर घातली. वर्गशिक्षिकेचा मेसेज आला: तुमची आई गडचिरोलीहून आली आहे असं कळलं, त्यांनी मुलांना आपल्या मूळ भाषेत एखादी गोष्ट सांगावी, जमल्यास पारंपरिक पोशाखात यावं. वाचून माझं डोकंच फिरलं.

ती मूळ भाषा, माडिया, माझ्या तोंडातून काढली ती शाळेनेच. मी सहा वर्षांची असताना मामाने मला खांद्यावर बसवून डोंगरापलीकडच्या आश्रमशाळेत पोचवलं. गुरुजींना आमची भाषा येत नव्हती आणि ती शिकावी असं त्यांना कधी वाटलंही नाही. माडियात पाणी मागितलं तर पाणी मिळायचं नाही, छडी मिळायची. ‘जंगली बोलणं जंगलात ठेवून यायचं,’ असं ते म्हणत. मी हुशार निघाले, म्हणजे इतरांपेक्षा लवकर गप्प झाले. पुढे मराठीत पहिली आले तेव्हा त्याच गुरुजींनी माझी पाठ थोपटली, आणि मला आनंद झाला, याचा मला आजही राग येतो.

आमच्याकडे गोष्टी सांगतात त्या धान घरात आल्यावर, थंडीत, अंधार पडला की शेकोटीभोवती. त्या दिवसांत मी आश्रमशाळेच्या सतरंजीवर रांगेत झोपलेली असायचे. सुट्टी मिळायची दिवाळीला आणि उन्हाळ्यात. म्हणजे वर्षातले गोष्टींचे दिवसच नेमके शाळेने खाल्ले. पुढे नागपूर, पुणे, नोकरी, लग्न, बेंगळुरू. नवरा पुण्याचा, त्यामुळे घरात मराठी. आईशी मी मराठीतच बोलते, मध्ये चार-दोन माडिया शब्द टाकते, पाहुण्यांना वाढावे तसे.

तरीही मी शाळेला हो म्हटलं. लेकीच्या कानावर एकदा तरी ती गोष्ट पडावी आणि ती तिला मी समजावून सांगावी, एवढीच माझी हाव होती.

अडलं ते आईपाशी. वर्ग सकाळचा, आणि दिवसा गोष्ट सांगायची नसते. ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, असं आमच्याकडे मानतात. वर्गात मुलं बसली, शिक्षिका हसून वाट बघत राहिली, आणि आई खुर्चीवर ताठ बसून राहिली.

“एवढ्या पोरांचे मामा कुठं कुठं भटकतील?” ती मला म्हणाली. तिचं मराठी रेशन दुकानात आणि दवाखान्यात शिकलेलं.

मी शिक्षिकेला अडचण सांगितली. तिला ती फारच आवडली. “सरी, सरी,” असं कन्नडमध्ये ‘ठीक, ठीक’ म्हणत तिने पडदे ओढले, दिवे घालवले, भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर चांदण्या लावल्या. मुलं खूश झाली. माझ्या वेळी शाळेने आमची रात्र हिरावली होती, आता बटण दाबून तयार करून देत होती.

आईने त्या चांदण्यांकडे बघितलं आणि माडियात बोलायला लागली.

तिचा तो आवाज मी विसरले होते. मराठीत ती अडखळते, बिचारी दिसते. इथे ती हात उडवत होती, मध्येच गाऊन घेत होती, दटावत होती. मुलं भाषा न कळताही हसत होती. मी कान देऊन ऐकत होते. पाणी कळलं. डोंगर कळला. कुणीतरी मुलगी होती. बाकी सगळं माझ्या डोक्यावरून गेलं.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. शिक्षिका माझ्याकडे वळली, “आता तुम्ही मुलांना सांगा, काय झालं गोष्टीत.”

“मला कळली नाही,” मी म्हणाले.

तिला वाटलं मी लाजतेय. “निदान तात्पर्य तरी सांगा.”

मी नाही म्हणून मान हलवली. लेक पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होती. घरी प्रत्येक गोष्टीचं उत्तर माझ्याकडे असतं, अशी तिची समजूत आहे. शिक्षिकेने सावरून घेतलं, आपली विविधता किती सुंदर वगैरे बोलली आणि आईला एक कुंडीतलं रोप दिलं.

परतताना कॅब सिग्नलला अडकली. “स्वल्प ट्रॅफिक इदे, अक्का,” असं म्हणून ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. बाहेर टळटळीत ऊन होतं. लेक म्हणाली, “आई, आजीच्या गोष्टीत शेवटी त्या मुलीचं काय झालं?”

मी आईकडे बघितलं. आईने मांडीवरची कुंडी खाली ठेवली आणि आपल्या मोडक्या मराठीत सांगायला लागली. एक मुलगी होती. पाणी आणायला डोंगरात गेली. शब्द सापडेना की ती थांबायची, मी पुरवायचे. गाण्याच्या जागी ती नुसतं म्हणाली, “इथं गाणं आहे.” सिग्नल सुटायच्या आत गोष्ट संपलीसुद्धा. वर्गात तिला पाऊण तास लागला होता.

एकाएकी माझ्या लक्षात आलं. “आई, तू दिवसा सांगितलीस. मामा वाट चुकेल ना?”

तिने रोप परत मांडीवर घेतलं.

“काही नाही होत,” ती म्हणाली. “ही गोष्ट थोडीच होय. हे त मराठी होय.”