आबांना उभं ठेवणारा प्रोजेक्टर

वडिलांनी काढलेल्या स्लाइड्सपैकी एकीत माझे आजोबा आहेत. ज्वारीच्या शेताच्या कडेला उभे, डोक्याला फेटा, उन्हामुळे कपाळावर आडवा हात. त्यांचा दुसरा फोटो नाही. वडिलांच्या कंपनीत आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने परत जाताना त्यांना कॅमेरा आणि स्लाइडच्या फिल्मचे काही रोल दिले होते. ते संपेपर्यंत वडिलांनी घरातलं, शेतातलं जे समोर आलं ते टिपलं. पुठ्ठ्याच्या चौकटीतला तो फिल्मचा लहानसा तुकडा भिंगाच्या डबीत घालून एकेकाने एक डोळा मिटून बघायचा, एवढीच आमच्याकडे सोय होती.

आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, तळवड्यात राहते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तिने पहिली मागणी केली ती या स्लाइडची.

"आता दिसतंय तर आबांना नीट बघू दे मला. भिंतीवर. आन् मला वाटंल तेवढा येळ."

मी स्लाइड स्कॅन करून टीव्हीवर लावायचं सुचवलं.

"टीव्हीत नकोत आबा," ती म्हणाली. "तिथं कुणीबी येतं."

त्यामुळे प्रोजेक्टर शोधायचं ठरलं. वडिलांनी सगळी नोकरी कंपनीच्या क्वालिटी विभागात काढली. तपासल्याशिवाय ते आजही नारळ घेत नाहीत. आत्याच्या 'वाटंल तेवढा येळ'ची त्यांनी अट करून टाकली. प्रोजेक्टरचा दिवा तापतो, फार वेळ एकच स्लाइड ठेवली तर फिल्म फुगते, प्रसंगी करपते. तेव्हा जे मशिन एक स्लाइड सर्वांत जास्त वेळ थंड ठेवील ते घ्यायचं. चाचणीसाठी त्यांनी स्वतःचीच एक स्लाइड निवडली. तीत ते बेलबॉटम घालून दुसऱ्याच्या स्कूटरला टेकून उभे आहेत.

"जळली तरी चालेल," आई म्हणाली. "स्कूटरचं मात्र वाईट वाटेल."

पहिलं मशिन निगडीत, प्राधिकरणातल्या एका बंगल्यात मिळालं. गोल ट्रे, रिमोट, सगळं चकचकीत. पण आमच्या स्लाइडचे पुठ्ठे इतक्या वर्षांत फुगले होते. बेलबॉटमवाली स्लाइड अर्ध्यावर अडकली आणि चिमट्याने काढावी लागली. वडिलांनी आभार मानले आणि चपला घातल्या.

दुसरं चिंचवडमधल्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात होतं. हलकं, सुबक, मला पसंत. वडिलांनी स्लाइड लावली आणि चहा मागवला. चहा संपायच्या आत भिंतीवरचा त्यांचा चेहरा धूसर झाला. स्लाइड बाहेर काढली तर मधोमध पापडासारखी फुगली होती.

"पंखा कमजोर आहे," वडील म्हणाले.

"काका, इतका वेळ एकच फोटो कोण बघतं?" दुकानदाराने विचारलं.

"माझी बहीण," वडील म्हणाले.

तिसरं कुरुळीत सापडलं. कंपन्यांच्या लिलावातला माल उचलणाऱ्या एका भंगारवाल्याच्या शेडमध्ये ते एका जुन्या वजनकाट्याशेजारी होतं. पूर्वी कारखान्यात कामगारांना अपघात कसे टाळायचे ते स्लाइडवर दाखवत, त्या काळातलं. जाड पत्र्याचं, दोघांनी उचलायचं, एकेक स्लाइड हाताने आत सरकवायची. बाजूला 'सुरक्षा प्रथम' असा स्टिकर. पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीची आठवण करून देणारा. वडिलांनी गरम हवा निघते त्या जाळीवर तळहात धरला आणि थंड झाल्यावर पुन्हा सपाट झालेली तीच स्लाइड आत लोटली. एक चहा झाला, दुसरा झाला.

"काका, किती बघाल स्वतःला?" भंगारवाला हसला. "नजर लागंल, राव!"

स्लाइड बाहेर आली ती कोमट. वडिलांनी ती माझ्या गालाला लावून खात्री करून घेतली. सौदा तिथेच झाला. दोन जादा दिवेही मिळाले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्या भागात लेथपासून मिक्सरपर्यंत सगळ्या यंत्रांची पूजा होते. आत्या सकाळीच आली. तिने गाडीला हार घातला, शिवणयंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि हॉलमध्ये टीपॉयवर ठेवलेल्या नव्या पाहुण्याचीही पूजा केली. जेवणं झाल्यावर आम्ही खिडक्यांना चादरी लावल्या. आत्या भिंतीसमोर खुर्ची ओढून बसली. वडिलांनी आजोबांची स्लाइड सरकवली.

भिंतीवर तांबूस धुकं उमटलं. त्यात एक माणूस असावा इतपतच कळत होतं.

"रंग गेले," वडील हळूच म्हणाले. जुन्या स्लाइड लाल पडतात हे त्यांना माहीत होतं. आत्याने पदराने डोळे पुसले, परत पाहिलं, परत पुसले. ऑपरेशन बिघडलं असं तिला वाटलं असणार.

वडिलांनी स्लाइड काढून चादरीच्या फटीतून आलेल्या उजेडात धरली. ज्वारी हिरवी होती, फेटा पांढरा होता. परत लावली, तर परत तांबूस. मग ते वाकून मशिनच्या समोर गेले.

"अक्का, कुंकू कुठं लावलंस?"

"कपाळाला. दुसरीकडं कुठं लावत्यात?"

"मशिनला कपाळ कुठलं?"

"ते काय, म्होरं आलेलं, गोल!"

ते म्हणजे भिंग. त्यावर हळद, कुंकू आणि मधोमध चिकटलेली अक्षता, सगळं यथासांग होतं. आई इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. वडिलांनी चष्म्याच्या फडक्याने भिंग पुसलं आणि कुंकवाचं एक बोट, तिच्या समाधानासाठी, 'सुरक्षा प्रथम'वर टेकवलं.

या वेळी आजोबा स्वच्छ आले. छतापासून फरशीपर्यंत. फेट्याची घडी दिसत होती, आडव्या हाताखाली डोळे दिसत होते. आम्ही सगळे खूश होऊन आत्याकडे बघायला लागलो. तिने मान हलवली.

"एवढं मोठं नव्हतं आबा."

ती उठली, भिंतीपाशी गेली आणि हात आपल्या डोक्याच्या थोडा वर धरला. "हितपत्तूर."

वडील आणि मी टीपॉय धरून पुढे सरकवत गेलो. आजोबा लहान होत गेले, पाय वर उचलले गेले, म्हणून मशिनचं तोंड खाली केलं. पुन्हा सरकवलं, पुन्हा भिंग फिरवलं.

"अजून... अजून जरा... व्हय. थांब."

फेटा तिच्या हाताला लागला होता. पाय फरशीवर होते. आत्या त्यांच्या शेजारी उभी राहिली, तिची सावली ज्वारीवर पडली. मग खुर्ची जवळ ओढून ती त्यांच्या समोर बसली.

"च्या टाका आता," ती म्हणाली. "मला काय घाई न्हाई."

वडिलांनी जाळीवर तळहात धरला आणि मान डोलावली.