निकाली पैलवानाचे हातमोजे

निकाली पैलवानाला बरोबरीत सुटणं माहीत नव्हतं. पंच मध्ये येऊन दोघांचे हात वर करू लागले की हा आपला हात हिसकून घ्यायचा आणि परत मातीत वाकून उभा राहायचा. म्हणायचा, "कोन पडलं ते सांगा, मंग घरी जाऊ." आमच्या वाटूरला त्याचं खरं नाव माहीत असणारे आता दोन-चारच असतील. निकाली म्हटलं की कळायचं.

आखाड्याबाहेरही तो तसाच. फाट्यावरच्या हॉटेलात त्यानं कट चहा कधी घेतला नाही. "अर्धं काही बी मला नको." घेईल तर भरून कप, नाहीतर उठून जाईल. कुणाशी वाजलं तर त्याच दिवशी मिटवायचा, नाहीतर त्याच दिवशी कायमचं तोडायचा.

मी त्याच्याच वयाचा. शाळा तिसरीपर्यंत, तालीम तेवढीही नाही. पण त्याची एक कुस्ती मी चुकवली नाही. कडेला उभा राहून माझी एकच आरोळी असायची, "निकाल लाव रे!" आवाज माझा पहिल्यापासून मोठा, शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्याला जाणारा. पैलवान म्हणायचा, "बापू, तू वरडला की माह्या अंगात येतं. मंग मी माहा राहत न्हाई." हे मी गावभर सांगितलेलं आहे, आणि सांगताना छाती काढून सांगितलेलं आहे.

कुस्ती सुटली, खूप वर्षं गेली. दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ धार, असं त्याचं चाललं होतं. मागच्या हिवाळ्यात जालन्याहून एक जण गाडी घेऊन आला. तिथं बॉक्सिंगचा शो ठेवला होता. एका बाजूला जुना नावाजलेला गडी, दुसऱ्या बाजूला मोबाईलवर नाचणारा पोरगा. कुस्ती का नाही असं पैलवानानं विचारलं, तर तो माणूस म्हणाला की कुस्ती आता कुणी तिकीट काढून बघत नाही.

पुढं चार-आठ दिवसांनी संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो धार काढत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेवटी दोघांचे हात वर करायचं ठरलंय."

"म्हंजे बरोबरी."

"हो."

"अन् तू हो म्हनला?"

"बापू, जालन्याच्या स्टेशनाबाहेर माहा फोटू लागलाय. गावातली लेकरं मला म्हशीवाला आबा म्हनतात. एकदा बघू दे त्यांना मी कोन व्हतो." त्यानं बादली बाजूला सरकवली. मग म्हणाला, "तू फक्त येऊ नको. आला की वरडशील."

मी म्हणालो, "माहं तिकीट मी काढीन अन् माह्या पायानं जाईन." अशा वेळी मला कुणी नको म्हटलं की मी हटकून जातो. आजवर कुणाच्या सांगण्यावरून थांबलो नाही.

शोला गेलो तर फळ्यांचा उंच ओटा, चारी बाजूंनी दोर, रंगीत दिवे. पैलवानाच्या हातांना फुगीर हातमोजे बांधले होते. त्यानं गावच्या आखाड्यातली माती रुमालात आणली होती. आमच्यात कुस्तीत भिडण्याआधी एकमेकांच्या अंगाला माती लावतात; पोटात राग नाही असा त्याचा अर्थ. हातमोज्यांनी गाठ सुटेना, तेव्हा मोजे बांधणाऱ्या माणसाकडून त्यानं ती सोडवून घेतली, मोजा मातीत दाबला आणि पोराच्या खांद्यावर टेकवला. पोरगं मागं उडालं आणि खांदा पुसू लागलं. लोक हसले. कुणी ओरडलं, "आजोबा, माती शेतात टाका."

मग पोरगं त्याच्याभोवती नाचायला लागलं. पोटावर एक चापट मारायची, मोबाईलकडे बघून हसायचं. पैलवान कुस्तीत धरतात तसे हात पुढे धरून उभा, आणि धरायला बोटं मोकळी नाहीत. माझ्या पुढचा एक म्हातारा म्हणाला, "कशाला आणलं ह्याला," आणि उठून गेला. मला पण जावंसं वाटलं होतं. तेवढ्यात पोरानं मोज्यानं त्याच्या टकलावर थोपटलं, लेकराला थोपटावं तसं.

"निकाल लाव रे!"

पैलवानाची मान वर झाली. त्यानं मला गर्दीत शोधलंसुद्धा नाही. पोराच्या मानेत हात घातला, कंबर आत सारली आणि दोघं धाडकन फळ्यांवर. पोरगं खाली, पाठ पूर्ण टेकलेली. आमच्याकडे तेव्हाच हलगी वाजली असती. इथं शिट्टी वाजली. बॉक्सिंगमध्ये पाडणं चालत नाही म्हणे. पंचांनी पोराला उठवून त्याचा एकट्याचा हात वर केला. कुणी "चीटिंग, चीटिंग" करत होतं, कुणी पोट धरून हसत होतं. पैलवान उठला नाही. उजवा खांदा निसटला होता.

पुढं आठवडाभर तेवढंच मोबाईलवर फिरलं, खाली गमतीचं संगीत लावून. फाट्यावर माणसं ते परत परत लावायची. मी त्या हॉटेलात जाणं सोडलं.

खांदा बसवला, पण धार काढण्याजोगा राहिला नाही. म्हशी विकल्या. जालन्यावरून भोकरदनला, लेकीकडे जायचं ठरलं. जालन्याच्या बसमध्ये बसवायला मी फाट्यावर गेलो. शोनंतर आम्ही धड बोललो नव्हतो. मी दोन भरून चहा सांगितले.

"मला कट सांग," तो म्हणाला. "भरलेला सांडतो."

मी हॉटेलच्या पोराला तसं सांगितलं. चहा आला, तो डाव्या हातानं पीत राहिला. बस आली तेव्हा उठता उठता म्हणाला, "बापू, त्या दिवशी हात वर करून बरोबरीत आलो असतो, तर तू माह्या दारात पाय ठेवला असता का?"

"न्हाई."

"मला वाटलंच व्हतं." तो हसला. "मंग वरडला ते बरं केलं."

खिडकीतून त्यानं डावा हात हलवला. बस वळणाला लागली तेव्हा मला वाटलं, आलो असतो. चार महिने रुसलो असतो, पण आलो असतो. ते सांगायला तोंड उघडलं, आणि शेताच्या त्या धुऱ्याला जाणारा माझा आवाज हॉटेलच्या पायरीखालीसुद्धा उतरला नाही.