पाण्याखालची बत्तीस घरं

१९६६ सालच्या जानेवारीत आम्ही पुसदचे आठ मास्तर धरण पाहायला गेलो. धरण कसलं, नाल्यावर घातलेला मातीचा बांध. पण दोन वर्षांपूर्वी पाणी अडल्यापासून पुसदच्या लोकांना त्याचं वेड लागलं होतं. रविवार आला की डबे बांधून निघायचं, भिंतीवर उभं राहून फोटो काढायचा, की झाली सहल. आमच्यातल्या वामनरावांचा साडू तिथे ओव्हरसियर होता, त्यामुळे आमची बडदास्त मोठी होती.

चौकीदार पूनमसिंग आम्हाला घ्यायला फाट्यापर्यंत आला होता. पंचेचाळिशीचा, उंच, काटक माणूस. अंगात खाकी कोट, डोक्याला लाल पागोटं. भिंतीवर चालता चालता तो धरणाची माहिती सांगू लागला: लांबी इतकी, उंची इतकी, पाणी सुटेल तेव्हा इतकी एकरं भिजतील. पाठ केलेलं होतं सगळं. मध्ये कोणी काही विचारलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी, आणि आम्ही हसत होतो.

रोडग्यांचा बेत होता. पूनमसिंगची बायको बसंतीबाई काठावरच्या बाभळीखाली गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे रोडगे भाजत होती. शेजारी वांग्याची भाजी रटरटत होती. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि घुंगट पुढे ओढला.

आम्ही ओव्हरसियरसोबत सतरंजीवर बसलो. वारा छान होता, पाणी निळं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काय चौकीदार, धरणाच्या आधी इथे काय होतं?"

पूनमसिंगने ओव्हरसियरकडे पाहिलं. मग म्हणाला, "काही नोतं, गुरुजी. झुडपी जंगल अन् खडक."

बसंतीबाईचा हात थांबला. आपल्या बंजारा बोलीत ती नवऱ्याला काहीतरी म्हणाली. त्याने मान वर केली नाही. मग आम्हाला कळावं म्हणून ती मराठीत बोलली.

"बत्तीस घरं होती, गुरुजी. आमचा तांडा होता. आमच्या देवाचा, सेवाभायाचा ओटा होता. दोन हिरी होत्या. त्यातली एक यानंच खंदली, लगीन झालं त्या साली. मी माती उचलली. अन् आता हा म्हनते, खडक होता."

"चूप बस," पूनमसिंग म्हणाला. "रोडगे जळून राह्यले."

"जळू दे."

ओव्हरसियर हसला. "अहो, कुडाच्या झोपड्या होत्या चार. सरकारनं यांना वर माळावर जागा दिली, याला नोकरी दिली. तरी रडगाणं आहेच."

बसंतीबाई उठली. राखेचे हात झटकले आणि माळाच्या वाटेला लागली. पूनमसिंग चार पावलं तिच्यामागे गेला, तेवढ्यात ओव्हरसियरने हाक मारली, तसा परत आला. विस्तवाशी बसून त्याने रोडगे उलटले, राख झाडली, तूप सोडलं आणि आम्हाला वाढले. आम्ही ते खाल्ले. चांगले झाले होते. वामनरावांनी तर दोनदा मागून घेतले.

पुढचं मला खेमसिंगकडून कळलं. खेमसिंग हा पूनमसिंगचा थोरला भाऊ. त्याचा मुलगा आमच्या शाळेत पाचवीत होता.

तांडा उठला तेव्हा सगळ्यांनी मिळून अर्ज केला होता: माळावर प्यायला पाणी नाही, बदली जमिनीचे कागद अजून हातात नाहीत, पाहणी करा. तो अर्ज कचेऱ्यांतून फिरत होता. ओव्हरसियरने पूनमसिंगला बजावलं होतं, की बाहेरचं कोणी आलं तर इथे वस्ती नव्हती असंच सांगायचं. नोकरी कच्ची होती. दर सहा महिन्यांनी ओव्हरसियरची सही लागायची. पूनमसिंगला वाटे, एकदा पक्के झालो की मग तांड्यासाठी बोलू. तोवर ओव्हरसियर सांगेल ते तो करत गेला. तांड्याची गुरं पाण्यावर आली की हाकलायची, ऐकलं नाही तर कोंडवाड्यात घालायची. त्याने खेमसिंगची गाभण गाय कोंडवाड्यात घातली, तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

"गायीचं मी गिळलं, गुरुजी," खेमसिंग म्हणाला. "पन तांडाच नोता म्हनते? मंग आमी कुठून आलो?"

त्या दिवशी बसंतीबाई खेमसिंगच्या घरी गेली ती तिथेच राहिली. पूनमसिंग दोनदा आणायला गेला. ती दारात आली, पाणी दिलं, आत निघून गेली.

अडुसष्ट साली पक्का चौकीदार आला, बाहेरगावचा, सातवी पास. पूनमसिंगला सही करता येत नव्हती. त्याने खाकी कोट घडी करून परत दिला. ओव्हरसियरची तोवर बदली झाली होती.

त्याच वर्षी तो मला पुसदच्या बाजारात भेटला. धान्याच्या दुकानापुढे पोती वाहत होता. मी ओळख दिली, तसं त्याने पोतं खाली ठेवलं.

"गुरुजी, एक पुसू? त्या दिवशी तुमी पुसलं, ते कायले पुसलं होतं?"

"सहज," मी म्हणालो.

"मले वाटलं, लिहून घेता का काय." तो म्हणाला. "पाटीवर नाही तर कागदावर. कुठं तरी." मग त्याने पोतं उचललं. पाठीवर नीट बसेना, म्हणून मी हात लावायला गेलो, तर म्हणाला, "राहू द्या, कपडे खराब होतीन."

पुढच्या वर्षी तो तांड्यातल्या मजुरांच्या टोळीबरोबर मातीकामाला गेला. दूर कुठे तरी दुसरं धरण बांधायचं होतं. बसंतीबाई गेली नाही. टोळीतून परतलेल्या एकाने खेमसिंगला सांगितलं, की तिथलं गाव अजून उठलं नव्हतं. माणसं घरात होती, चुली पेटत होत्या, आणि पूनमसिंग त्यांच्याच विहिरीचं पाणी पिऊन धरणाच्या भिंतीवर माती टाकत होता.