मेणाचा हात

माझे सगळे किस्से तुम्हाला पाठ आहेत. हा नाही. हा मी कुणालाच सांगितलेला नाही, बायकोलासुद्धा. रंगवून सांगण्यासारखा आहे — तीच तर लाज आहे.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. अंधेरीला आमच्या शेजारी कमलवहिनी राहायच्या. तापाचं निमित्त झालं आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. तरी डाव्या हातानं डेलियाच्या कुंड्या अशा राखायच्या की थंडीत रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. वांद्र्याच्या डोंगरावरच्या चर्चमधल्या मोतमाउलीला मेणाचा हात वाहिला की गुण येतो, असं कुणीसं त्यांना सांगितलं. पण सासूबाई कडक. म्हणून जत्रेच्या सकाळी कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "भावजी, माझ्या नावानं तेवढा हात वाहाल? घरात कळू देऊ नका हं."

मी वचन दिलं. छातीवर हात ठेवून — मला सगळंच नाटकी लागतं ना.

जत्रेत मेणाचा हात घेतला. पिवळट, गुळगुळीत, पाची बोटं सरळ. डोंगर चढण्याआधीच तो शर्टाच्या बाहीतून बाहेर काढला आणि फुगेवाल्याशी शेकहँड केला. बरोबरचे मित्र पोट धरून हसले. मग कुठला डोंगर नि कुठली माउली? गर्दी फार होती म्हणू? त्याच गर्दीतून म्हाताऱ्या बायका चढत होत्या. खरं सांगू? असलं झकास सोंग मला सोडवेना.

संध्याकाळी गोरेगावला एका मित्राच्या ओट्यावर सगळे जमलो. मी तापलेल्या सुईनं बोटांत वाती घातल्या — हो, इतक्या निगुतीनं — आणि पाची पेटवल्या. प्रत्येक बोटाला निराळा आवाज दिला. करंगळीला कुणाचा? "भावजी, घरात कळू देऊ नका हं." लोक लोळले. तो आवाज कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

हात मनगटापर्यंत वितळला.

वहिनींना सांगितलं, वाहिला. तेवढ्यावर थांबलो का? छे. हातापाशी मेणबत्ती लावली, वारा असूनही ज्योत हलली नाही, असंही सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. त्या थंडीत सगळ्यांत मोठं जांभळं फूल आलेली कुंडी डाव्या हातानं छातीशी कवटाळून त्यांनी माझ्या दारात आणून ठेवली. आणि मी ती ठेवून घेतली.

हात बरा झाला नाही. पुढच्या जत्रेच्या सुमाराला मीच विचारलं, पुन्हा वाहू या का. म्हणाल्या, "नको भावजी. तुम्ही एवढं मनापासून वाहिलंत. माझीच श्रद्धा कुठेतरी कमी पडली असणार."

कुंपणापाशी आम्ही दोघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी — चहा गार होईस्तोवर बोलणारा मी — कुंडीतली वाळकी पानं खुडत राहिलो.

वहिनी शेवटपर्यंत तसंच मानत राहिल्या.

त्यांचा आवाज मला अजून हुबेहूब काढता येतो.