माळावरचं अंडं

वनरक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक सोनारीजवळच्या माळावर झाली. आमच्या घरातली ती पहिलीच सरकारी नोकरी. साहेबांनी बैठकीत सांगितलं की आपल्या देशानं इतर देशांबरोबर करार केलाय, माळढोक पक्षी आता कुणी मारायचा नाही, विकायचा नाही, देशाबाहेर धाडायचा नाही. मला छाती फुगल्यासारखं झालं. वस्त्यावस्त्यांवर तेच सांगत फिरलो. मेंढरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या देशांला आमचा माळ ठावं हाय व्हय?" मी हो म्हणालो.

पुढं दुष्काळ पडला. मृग, आर्द्रा कोरडीच गेली. लोकांच्या हाताला काम म्हणून माळावर झाडांसाठी खड्डे खणायचं निघालं, तेही आमच्याच खात्याकडून. माळढोकाला झाडी चालत नाही, चहूकडं नजर पोचेल असं उघडं रान लागतं. मी साहेबांच्या कानावर घातलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "करार मारण्याविकण्याचा आहे. खड्डे खणू नका असं त्यात कुठं आहे? आणि काम बंद केलं तर ह्या बाया खातील काय?"

त्या बायांत माझी थोरली बहीण होती.

एका सकाळी तिनंच मला हाक मारली. तिच्या टिकावापासून दोन हातांवर, उघड्या जमिनीवर, माळढोकाचं एकच अंडं होतं. मादी लांब जाऊन उभी होती. मुकादमाची समजूत काढून मी तिथलं काम थांबवलं, बायांना पलीकडं नेलं. पण पलीकडंही खड्डेच होते, माणसंच होती. मादी थोडं चालत यायची, मान उंचावून बघायची, परत फिरायची. दिवस कलला तरी ती अंड्यापाशी आली नाही.

दुसऱ्या दिवशी नुसती टरफलं राहिली होती. कावळ्यांनी फोडलं असावं. बहीण म्हणाली, "म्या दिसल्याबरूबर हात थांबवला रं." मी म्हणालो, "अक्का, तुझं काही चुकलं नाही." ती टिकाव उचलून कामाला लागली.

पाऊस आल्यावर रोपं लावली. निम्मीअधिक वाळली. जी जगली तेवढीही त्या पक्ष्याला नको होती. बदली होईपर्यंत मला तिथं माळढोक पुन्हा दिसला नाही. साहेब अधूनमधून विचारायचे, शिकार वगैरे झाली का. मी नाही म्हणायचो, आणि ते खरंच होतं.