हळद लागलेला बिल्ला

त्या दुकानातलं दुपारचं ऊन मला अजून स्वप्नात दिसतं. नवी पेठेमागच्या बोळात, जिन्याखालची अंधारी जागा. दारातून उन्हाची एक पट्टी आत यायची आणि तिच्यात कापसाचे तंतू तरंगत राहायचे. गिरणीचा भोंगा झाला की तेवढ्यापुरतं जागं व्हायचं, मग पुन्हा आपली मशीनची घरघर. शाळांचे बिल्ले, बँडवाल्यांच्या खांदपट्ट्या, नाटकातल्या फौजदाराची फीत, सगळं मीच मशीनवर रंगीत धाग्यानं भरायची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी विशीतली, आणि माझ्या हाताचा मला भारी गर्व.

मालकांकडे मुंबईचा एक शौकीन यायचा. त्याला महायुद्धातले जुने फौजी बिल्ले हवे असत. खरा कसा ओळखायचा ते मी त्याच्याकडूनच शिकले. बिल्ल्याचं तोंड बघायचं नाही, पाठ बघायची. तोंड उन्हानं विटलेलं आणि पाठ ताजी, तर खरा. दोन्हीकडे सारखाच विटका, तर कुणीतरी चहात बुडवलाय. धागा जाळून बघायचा. सुताची राख होते, टेरिलीन वितळून मणी होतो, म्हणजे नकली. आता एवढं कळल्यावर गप्प बसेन तर ती मी कसली! जुनं सूत घेऊन, पाठ झाकून नुसतं तोंड उन्हात तापवून, मी अशा नकला करायला लागले की तो शौकीनच फसला. मालक पोट धरून हसले. मलाही लाज वाटली नाही, खोटं कशाला बोलू.

भादव्यात मोहोळहून एक मावशी आल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पिशवीतून त्यांनी एक खाकी सदरा काढला. बाही उंदरांनी कुरतडलेली, आणि तिच्यावर बिल्ला. हिरव्या कापडावर पांढऱ्या धाग्यानं भरलेला पक्षी, आता पिवळा पडलेला.

"ह्यांचा हाय," त्या म्हणाल्या. "लढाईतनं रजेवर आले तवा ठिवून गेले. मग सरकारचा कागद आला, सापडंना म्हणून. मेले असं न्हाय लिवलं, म्हणून कुंकू ठिवलंय मी. दर दसऱ्याला हळदकुंकू वाहते ह्याला. बिल्ला बाहीवर मीच शिवला हुता. जपून काढ गं."

"बरं मावशी," म्हटलं मी. कान कुठं होते माझे? सगळं ध्यान त्या पक्ष्याच्या पंखात.

बाही मशीनवर रफू करायची तर बिल्ला उसवावाच लागला. मोठाले वाकडे टाके होते, मी ते कात्रीनं कचाकच कापले. मग आठवडाभर बसून त्या पक्ष्याच्या चार नकला केल्या. टाक्यांची भोकं पाडली, तोच पिवळेपणा आणला. पाचही बिल्ले फळीवर मिसळून मांडले आणि मालकांना म्हटलं, ओळखा बघू. त्यांनी चष्मा लावला, उलटेपालटे केले आणि हरले. "अय्यो, आता तूच सांग की," म्हणाले. मी वाकून बघितलं. मलाही ओळखेना.

दुसऱ्याच दिवशी मावशी हजर. मालक हळूच म्हणाले, दे एक, त्यांना काय कळतंय. मी अंदाजानं एक उचलला आणि मशीनवर शिवून दिला. मावशींनी तो गालाला लावला. "लई बेस केलंस पोरी," म्हणाल्या. त्या बोळाच्या टोकाला वळेपर्यंत मी बघत राहिले.

त्यानंतरचे दिवस झोपेत गेल्यासारखे गेले. डोळे मिटले की पाच पक्षी, आणि पाचही माझ्याकडे पाठ करून बसलेले.

दसऱ्याला मशीनला झेंडूची माळ घातली, हळद लावली. बोटाची हळद पदराला लागली म्हणून साबण चोळला, तर डाग लालभडक. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कुठल्या बाईला ठाऊक नाही? पण मी तशीच ओल्या हातानं उभी राहिले. दर दसऱ्याला हळदकुंकू वाहते, असं त्या म्हणाल्या होत्या. उरलेले चार बिल्ले काढले आणि प्रत्येकाला कोपऱ्यात साबणाचं बोट लावलं. पहिला पिवळाच. दुसरा पिवळाच. तिसऱ्या पक्ष्याच्या पंखाखाली हळूहळू लाली चढली. आणि तिकडं मोहोळात ह्याच वेळी माझ्या नकलेची पूजा चालली असणार.

"सोड गं," मालक म्हणाले. "त्यांना समाधान आहे ना? उगाच कशाला दुखवतेस?" मलाही तेच ऐकायचं होतं. दोन दिवस मी त्या बोलण्याच्या आडोशाला बसले. तिसऱ्या दिवशी तो बिल्ला आणि पावतीवरचा मावशींचा पत्ता घेऊन एस.टी.त बसले.

मावशी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"म्हंजी दसऱ्याला मी तुझ्या चिंधीला हळद लावली?"

"हो."

"कुटं फेडशील गं हे?"

मी रडायला लागले. त्यांनी ढुंकून बघितलं नाही. खरा बिल्ला घेतला आणि त्या लाल डागावरून अंगठा फिरवत बसल्या. मग आतून सदरा आणला, माझी नक्कल दातानं उसवली आणि माझ्या मांडीवर टाकली. पुढ्यात सुईदोरा ठेवला.

"शीव. हितंच बसून. हातानं."

सगळा जन्म मशीनवर, मला कुठली हातशिलाई यायला! टाके लांब, वाकडे, एकाचं तोंड एकीकडं. मी लाजून उसवायला गेले, तर त्यांनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. माझंबी असंच हुतं. नवी नवरी हुते, शिवायला येत न्हवतं. ते हसले हुते बघून. म्हणाले, असू दे आता, परत आलो की नीट शिवू."

मी टाका उसवला नाही. धाग्याला गाठ मारली.